पावसाळी फ्लोअर हॉकी (फक्त मोठ्यांची लीग): नियमांचा कच्चा मसुदा, भांडायचं ते हितंच भांडून घ्या

तिसरं_गेट

मंडळी, यंदा अधिक महिन्यामुळं आषाढी जुलैच्या शेवटी गेलीय, म्हणजे आपल्याला तयारीला वेळ आहे. गेल्या पावसाळ्यात आपण नऊ रविवार खेळलो आणि त्यातले निदान चार हॉलमध्ये उभं राहून वाद घालण्यात गेले, कारण प्रत्येकाच्या डोक्यात वेगळाच खेळ होता, कुणी मैदानावरची हॉकी खेळत होता, कुणी यूट्यूबवर बघितलेली, आणि एकजण (नाव घेत नाही, त्याला कळलंय) चक्क विटीदांडू खेळत होता. तेव्हा यंदा पहिला बॉल पडायच्या आधीच नियम ठरवूया.

नवीन लोकांसाठी सांगतो. जून लागला की बेळगावात खेळायला कोरडी जागा म्हणून उरत नाही, लेले मैदान घ्या नाहीतर व्हॅक्सिन डेपो, सप्टेंबरपर्यंत चिखलच. आणि नेमकं त्याच दिवसांत, आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत, लग्नाचे मुहूर्त नसतात म्हणून कार्यालयाचा हॉल रिकामा पडून असतो आणि मालक रविवार सकाळचे दोन तास स्वस्तात देतो. म्हणजे आपली लीग पंचांगावर चालते. तुळशीचं लग्न लागलं की आपण बाहेर.

हॉल नव्वद फूट लांब, पंचेचाळीस रुंद, एका टोकाला स्टेज. पुस्तकातलं, म्हणजे फ्लोअरबॉलच्या (हॉलमध्ये छिद्रांच्या हलक्या बॉलनं खेळायच्या हॉकीच्या) नियमपुस्तकातलं, कोर्ट ४० बाय २० मीटरचं असतं, आपलं त्याच्या निम्म्यालापण भरत नाही, त्यामुळं पुस्तकात पाच आणि गोली असले तरी आपण चार आणि गोली. गेल्या वर्षी पाच-पाच उतरलो तेव्हा गणपतीच्या आदल्या दिवशी गणपत गल्लीत असते तशी गर्दी झाली होती, बॉल कुणाला दिसतच नव्हता. बारा मिनिटांचे तीन डाव, घड्याळ थांबवायचं नाही, मध्ये दोन-दोन मिनिटं पाणी प्यायला. पुस्तकात वीस-वीसचे तीन आहेत पण आपल्यातल्या निम्म्यांची पोटं बघता बारा पुष्कळ झाले.

बॉल छिद्रांचा, प्लास्टिकचा. स्टिकपण प्लास्टिकच्याच, डावखुरी चालेल, आणि पात्याच्या उलट्या बाजूनं बॉल खेळला तरी चालेल. मारताना स्टिकचं पातं कमरेच्या वर गेलं की फाऊल, आणि गुडघ्याच्या वर उडालेला बॉल स्टिकनं खेळायचा नाही. अंगावर जायचं नाही, दुसऱ्याच्या स्टिकवर स्टिक आपटायची नाही, उचलायची नाही, पायात घालायची नाही. बसून-लोळून बॉल अडवायचा नाही, ते काम गोलीचं. बदली कधीही करा. वय तीस पूर्ण पाहिजे. मोठा फाऊल झाला की दोन मिनिटं बाहेर.

झालं. आता बोला.

उद्यमबाग_फिटर

गोल मी करून देतो. गेल्या वर्षी चपला ठेवून गोल केलेला आणि वर किती उंच धरायचं ते कुणालाच म्हाईत नव्हतं, सगळे आपल्या सोयीनं हात वर करून दाखवालेत. माप १६० बाय ११५ सेंटीमीटर असतंय, बघितलं मी. दीड इंची स्क्वेअर पाईप शिल्लक पडलाय वर्कशॉपात. जाळी तेवढी कुणीतरी आणा.

लेलेवरचा_म्हातारा

पोरांनो, सगळं वाचलं. मी हॉकी मातीवर शिकलो. सकाळी मैदानावर पाणी मारायचं, खडे वेचायचे आणि मग खेळायचं. १९७६ ला माँट्रियल ऑलिंपिकात कृत्रिम गवत आलं आणि आपली टीम सातवी आली तेव्हापासून मी नवीन काही आलं की जरा संशयानंच बघतो. ज्या गावानं बंडू पाटलांसारखा खेळाडू दिला, १९६४ ला टोकियोत पाकिस्तानला १-० हरवून सोनं आणलेल्या टीममधला, त्या गावात छिद्रं पाडलेला बॉल घेऊन लग्नाच्या हॉलात हॉकी खेळालेत, असूंदे, पाऊस आहे, समजू शकतो.

पण तीन गोष्टी. एक, उलट्या बाजूनं बॉल खेळायला परवानगी कशी काय? आमच्यात स्टिकच्या पाठीला बॉल लागला की शिट्टी. दोन, हा डावखुऱ्या स्टिकचा प्रकार काय, हॉकीत डावखुरी स्टिक नसते. तीन, पातं कमरेच्या वर न्यायचं नाही तर हिट मारायची कुठून, पोटातून? खरा बॉल आणा, खऱ्या स्टिका आणा, मी शिकवतो सगळ्यांना.

चार_टाके

काका, पाया पडतो, पण मला बोलू दे.

माझं हँडल बघा. गेल्या वर्षी तिसऱ्या रविवारी एकानं घरातली लाकडी हॉकी आणलेली, जुनी, कॉलेजातली, त्याला टेप गुंडाळलेला. आपल्याला म्हटला प्लास्टिकच्या स्टिकमध्ये मजा नाही. मी त्याच्या डाव्या बाजूनं बॉल काढून घ्यायला वाकलो आणि त्यानं हिट मारली, बॉल बरोबर गेला हो, एकदम सरळ गेला, पण मारून झाल्यावर स्टिक वर खांद्यापर्यंत आली आणि वर येताना मध्ये माझी भुवई होती. शंभर टक्के चुकून. मला आधी काही दुखलंच नाही, फक्त फरशीवर थेंब पडालेत ते बघत उभा राहिलो, मग कुणीतरी धरून जेवणानंतर हात धुवायच्या त्या बेसिनच्या ओळीपाशी नेलं. चार टाके.

बॉलचं पण सांगतो. हॉकीचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या बॉलएवढा जड. आपला छिद्रांचा २३ ग्रॅम. आकार जवळजवळ तेवढाच, ७२ मिलीमीटर, पण नडगीवर बसला तर माणूस "आई गं" म्हणतो आणि परत पळायला लागतो. हॉकीचा बसला तर पळत नाही. आणि फरशी फुटली तर मालक हॉल काढून घेईल ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी सोमवार. खडेबाजारात दुकान आहे माझं, येईल तो गिऱ्हाईक कपड्याकडं बघायच्या आधी भुवईकडं बघालाय. दोघांनी तर बायकोबद्दल विचारलं. आम्ही कुणी देशासाठी खेळत नाही, आम्हाला सोमवारी शटर उघडायचंय. कुठलाही नियम असो, मी एवढंच बघणार की हा नियम पाळला तर सोमवारी माणूस कामावर जाईल का.

लेलेवरचा_म्हातारा

टाके पडलेले मला ठाऊक नव्हतं. हिट मागं घेतो. इनडोअर हॉकीतपण हिट नसते, फक्त पुश आणि फ्लिक चालते, आणि डीच्या (गोलसमोरच्या अर्धगोलाच्या) बाहेर बॉल उचलायचाच नसतो, तेव्हा माझ्या शास्त्रातही तुमची बाजू बसते. लाकडी स्टिक आणणारा कोण ते मला खाजगीत कळवा.

उलट्या बाजूचा मुद्दा मात्र सोडलेला नाही.

शनिवार_खूट

काकांनी एक विकेट टाकली 😄

स्टॉकहोम_रिटर्न

मी कामानिमित्त दोन वर्षं स्वीडनला होतो, तिथं हॉलमध्ये हेच खेळायचो, थोडं सांगतो, गोंधळ का होतो ते कळेल.

फ्लोअर हॉकी म्हणून शोधलं की तीन वेगळे खेळ सापडतात आणि आपण तिन्हींचे नियम एकत्र कालवलेत. एक कॅनडा-अमेरिकेतल्या शाळांच्या जिममधला, आइस हॉकीच्या अंगानं जाणारा, त्यात गोलीच्या हातात स्टिक असते, पायाला मोठे पॅड असतात, कधी पक (चपटी चकती) तर कधी केशरी बॉल. दुसरा स्पेशल ऑलिंपिक्समधला, त्यात बॉलच नसतो, मध्ये भोक असलेली फेल्टची जाड चकती असते आणि स्टिक म्हणजे सरळ दांडका, त्याचं टोक त्या भोकात घालून चकती ओढत न्यायची. तिसरा फ्लोअरबॉल, स्वीडन, फिनलंड, स्वित्झर्लंडनं मिळून १९८६ ला ह्याची आंतरराष्ट्रीय संघटना काढली, आपला छिद्रांचा बॉल तिथला. त्याला छिद्रं २६ असतात, मोजून बघा. २०१७ च्या ऑस्ट्रियातल्या स्पेशल ऑलिंपिक्समध्ये हापण खेळवला.

आता काकांचा मुद्दा. काका, मैदानी हॉकीच्या स्टिकची एक बाजू सपाट आणि एक गोल असते, म्हणून पाठीनं खेळायला बंदी. फ्लोअरबॉलच्या पात्याला पाठच नाही, प्लास्टिकची जाळीदार पट्टी असते आणि दोन्हीकडनं बॉल सरळ जातो. पातं थोडं वाकवलेलं असतं म्हणून डावी-उजवी अशा दोन प्रकारच्या स्टिका येतात. उलटी बाजू बंद केली तर खेळच अर्धा होईल.

लेलेवरचा_म्हातारा

हे पहिल्यांदाच कुणीतरी कारणासकट सांगितलं. नाहीतर नुसतं "पुस्तकात आहे, पुस्तकात आहे". चला, उलटी बाजू दिली.

ऑफसाइड ठेवणार आहात का? नसेल तर बरं, आमच्या हॉकीतनंपण १९९८ ला काढून टाकला.

तिसरं_गेट

नाही काका, ऑफसाइड नाही. नव्वद फुटांच्या हॉलात ऑफसाइडची रेघ काढायची म्हणजे स्वयंपाकघरातपण हद्द घालण्यासारखं.

वडगावची_गोली

नमस्कार, गोलीबद्दल कुणीच काही लिहिलं नाही, सवयीप्रमाणे. "ते काम गोलीचं" एवढ्या एका वाक्यात माझा निकाल लावला.

माझ्या हातात स्टिक नको. फ्लोअरबॉलमध्ये गोली गुडघ्यावर बसून हातानं-अंगानं अडवते, मला तेच जमतं. पण शहाबादी फरशीवर गुडघे टेकून छत्तीस मिनिटं बसून बघा एकदा. मी हार्डवेअरच्या दुकानातनं फरशी बसवणाऱ्यांचे गुडघ्याचे पॅड आणलेत, ते लीगच्या पैशातनं प्रत्येक गोलीला द्या. डोक्याला मी ह्यांचं क्रिकेटचं हेल्मेट घालते, बॉल क्रिकेटच्या बॉलएवढाच असल्यामुळं ग्रिलमधनं आत येत नाही, फक्त ग्रिल घट्ट पाहिजे. हेल्मेट नसेल त्यानं गोलमध्ये उभं राहायचंच नाही, दोन मिनिटांसाठी पण नाही, हे नियमात लिहा.

गोलीच्या पुढं रंगीत टेपनं चौकोन आखा. त्यात दुसऱ्या कुणी पाऊल टाकायचं नाही. गेल्या वर्षी एक गृहस्थ माझ्या मांडीवर बसून गोल मारायचे बाकी राहिलेले.

बॉल हातात आला की तीन सेकंदांत सोडायचा असतो, मान्य. हातानं फेकलेला बॉल मधल्या रेषेच्या अलीकडं एकदा तरी टेकायला पाहिजे असतो, तेपण मान्य. पण माझं फेकणं सरळ पंख्यात जातंय हे मला माहीत आहे, त्याचं काय करायचं ते सांगा.

आणि शेवटचं. बाई आहे म्हणून हळू मारू नका. हळू मारलेला बॉल अडवला तर त्यात माझं काय कौतुक, आणि गेला तर मात्र वर्षभर ऐकायला लागतंय.

तिसरं_गेट

ताई, तुमचं सगळं घेतलं. पंख्याला, छताला किंवा झुंबराला बॉल लागला की समोरच्या टीमला बाजूनं हिट (म्हणजे बाजूवरनं बॉल परत खेळात आणायचा). पुस्तकातपण छताला लागल्यावर तसंच आहे. झुंबर त्यात नाही, ते आपलं.

खानापूर_पॅसेंजर

मी गेल्या वर्षी काही बोललो नाही पण आता बोलतो. मी खानापूरहून येतो, सव्वीस किलोमीटर, पावसात, मोटरसायकलवर, रेनकोटच्या आतपण भिजलेलो असतो, घरात सांगून येतो की दहा वाजेपर्यंत आलो, आणि हितं आल्यावर आमच्या टीमला आठजण असतात आणि त्यातले चारजण असे की एकदा आत गेले की त्यांना बाहेर काढायला नोटीस पाठवायला लागते. बदली कधीही करा म्हणता, कधीही म्हणजे कधीच नाही असा त्याचा अर्थ झालाय. एका रविवारी मी घड्याळ लावून बघितलं, सहा मिनिटं खेळलो. सहा. जाऊन-येऊन बावन्न किलोमीटर. म्हणजे मिनिटाला साडेआठ किलोमीटर पडलं मला.

जिंकायचं असेल त्यांनी दुसरीकडं जावं, ही मजेची लीग आहे असं आपणच म्हणतोय ना.

चार_टाके

खरं आहे. आणि आत राहणाऱ्या त्या चारांत मीपण होतो, सॉरी भावा.

उद्यमबाग_फिटर

कारखान्यात पाळी बदलायला भोंगा वाजतोय, कामगार "अजून जरा थांबतो" म्हणतो काय? दर दोन मिनिटांनी घंटा वाजवायची, आतले सगळे बाहेर, बाहेरचे सगळे आत. सहाजण असले तर दोघं राहतील पण पुढच्या घंटेला तेच आधी बाहेर. घंटा देतो मी, पितळी आहे, आजोबांची.

स्टॉकहोम_रिटर्न

घंटेला माझा विरोध आहे. खेळ चालू असताना पळत बदली करणं हाच ह्या खेळाचा अर्धा डाव आहे, कधी बदलायचं ते टीमनं ठरवायला पाहिजे. ऐन गोलसमोर घंटा वाजली तर?

खानापूर_पॅसेंजर

तर गोल मारून या बाहेर. सहा मिनिटं हो, सहा.

वडगावची_गोली

घंटेला माझं मत. गोली सोडून.

शनिवार_खूट

भाडोत्री खेळाडूंचं काय? आठवतंय ना "माझा मावसभाऊ आलाय, सहज बघायला आलाय" म्हणून आणलेला. सहज बघता बघता अकरा गोल मारून गेला. तीस वर्षांचा म्हणे, त्याला मिशीपण नीट फुटली नव्हती.

तिसरं_गेट

त्यावर मी विचार केलाय. पाहुणा एका मॅचला एकच, तोपण फक्त टीममध्ये पाचपेक्षा कमी लोक असतील तरच, आणि दोन्ही कॅप्टननी हो म्हटलं तर. आणि पाहुणा असो नाहीतर घरचा, एका मॅचमध्ये एका माणसाचे तीनच गोल धरायचे, चौथा मारला तर टाळ्या मिळतील, गोल नाही. त्यानं दुसऱ्याला पास देऊन गोल करवला तर चालेल.

पाच गोलांचा फरक पडला की मागं असलेल्या टीमनं एक जादा माणूस आत घ्यायचा. फरक तीनवर आला की तो बाहेर.

लेलेवरचा_म्हातारा

तीन गोलांची मर्यादा हे काय शास्त्र! असं असतं तर ध्यानचंदांना प्रत्येक मॅचला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर बसवलं असतं.

चार_टाके

ध्यानचंद आले तर आपण नियम बदलू की ओ काका.

गोकाक_करदंट

नमस्कार. माझं मराठी घरातलं नाही, मित्रांत शिकलेलं आहे, चुकलं तर घ्या समजून. गेल्या वर्षी आमची टीम चांगली खेळली पण एक मॅचात आमचा एक माणूस कन्नडात काहीतरी बोलला, रेफ्रीला समजलं नाही, समोरच्याला बरोबर समजलं. मग समोरचा मराठीत बोलला, ते रेफ्रीला समजलं, त्याला बाहेर घातलं. हे न्याय झालं काय? दोघंपण सेम शिवी दिले होते. मी दोन्ही ऐकलो, शब्द वेगळं, अर्थ एकच.

वडगावची_गोली

😂 आणि कोकणीतल्या कुणी धरतच नाही, एक चंदगडकडचा आहे तो बिनधास्त देतोय.

तिसरं_गेट

नियम: शिवी कुठल्याही भाषेतली असूंदे, दोन मिनिटं. रेफ्री दोन असतील, एकाला कन्नड यायला पाहिजे. बसलेल्या टीममधनं रेफ्री द्यायचे म्हणजे सगळ्यांना पाळी येईल आणि शिट्टी फुंकणं किती सोपं आहे ते कळेल.

लेलेवरचा_म्हातारा

एक रेफ्री कायमचा मी. खेळायचं वय गेलं, शिट्टी आहे माझ्याकडं. कन्नडमधल्या शिव्या मला सगळ्या येतात, काळजी नको.

शनिवार_खूट

आता मूळ प्रश्न. टी-शर्टचे रंग काय? 😇

तिसरं_गेट

मला वाटलंच तू विचारणार. भगवा नाही आणि कन्नड झेंड्याचा लाल-पिवळाही नाही. चार टीम, निळा, हिरवा, पांढरा, राखाडी. ज्याला रंगावरून बोलायचंय त्यानं स्वतःच्या पैशानं साठ टी-शर्ट शिवून आणावेत. आणि १ नोव्हेंबर यंदा रविवारी आलाय, त्या दिवशी मॅच नाही, एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका, दुसरीकडं सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस, हॉलपर्यंत पोचणार कोण आणि परत जाणार कसं. गणपतीतला रविवारपण सुट्टी.

गोकाक_करदंट

राखाडी आम्हाला द्या. कुणाचंच नाही ते.

चार_टाके

दोन मिनिटांच्या शिक्षेबद्दल बोलायचं राहिलं. गेल्या वर्षी शिक्षा झालेल्यानं स्टेजवर जाऊन बसायचं ठरलेलं. स्टेजवर काय आहे? नवरा-नवरीच्या त्या मोठ्या खुर्च्या, लाल मखमलीच्या, सोनेरी हातांच्या. एकजण त्यात पाय पसरून बसला, मोबाईल काढला, कुणीतरी त्याला चहापण नेऊन दिला. आम्ही खाली तीनजण घाम गाळालोय आणि हा वर नवरदेव. दुसऱ्या डावात त्यानं मुद्दाम पाय घातला असं माझं स्पष्ट मत आहे.

लेलेवरचा_म्हातारा

ही शिक्षा नव्हे, मानपान.

स्टॉकहोम_रिटर्न

नियमानं शिक्षा चालू असताना समोरच्यानं गोल मारला की दोन मिनिटांची शिक्षा तिथंच संपते, तेवढं ठेवा. आणि तीन विरुद्ध चार असं खेळायला आपला हॉल लहान आहे, कमी माणसांची टीम गोलसमोर नुसती भिंत करून उभी राहते. त्यापेक्षा मधल्या रेषेवरनं एकट्यानं बॉल नेऊन गोलीसमोर मारायचा, पेनल्टी शॉट, असं करूया का?

वडगावची_गोली

म्हणजे फाऊल तुम्ही करणार आणि भोगणार मी. नको. दोन मिनिटंच ठेवा. खुर्चीत बसूंदे पण मोबाईल माझ्या पिशवीत, आणि चहा नाही.

उद्यमबाग_फिटर

बोर्डाचं बोला की कुणीतरी. पुस्तकात ५० सेंटीमीटर उंचीचं बोर्ड चारी बाजूंनी असतंय, कोपरे गोल. आपण जेवणाची लाकडी बाकं आडवी घातलेली, ते चांगलं चाललं, बॉल परत येतोय. पण कोपऱ्यात दोन बाकांच्या फटीत बॉल अडकतोय आणि मग चारजण तिथं स्टिका खुपसालेत, सगळ्यात जास्त बोटं तिथं ठेचली. मी चार जुने टायर आणून टाकतो कोपऱ्यात.

आणि स्टेजच्या खाली जी दोन-तीन इंचाची फट आहे तिथं बॉल गेला की पाच मिनिटं गेली. मागच्या वेळी मी झोपून हात घातला, बॉल नाही आला, एक पत्रावळी आली आणि बायकांची एक चप्पल, उजव्या पायाची.

वडगावची_गोली

चॉकलेटी, पट्ट्याची? माझ्या नणंदेची असेल, दोन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नात हरवलेली.

उद्यमबाग_फिटर

हो चॉकलेटीच की! ठेवलीय मी वर्कशॉपात.

तिसरं_गेट

स्टेजखाली गेला तर खिशातला दुसरा बॉल घ्यायचा, बाकापासून एक मीटरवरनं हिट, समोरच्यांनी लांब उभं राहायचं. आपल्या हॉलात दोन मीटर धरूया. कोपऱ्यात एका वेळी दोघंच, तिसरा गेला की फाऊल.

करंट गेला तर घड्याळ थांबवायचं, घड्याळ थांबायची तेवढी एकच वेळ. अंधारात कुणी स्टिक हलवायची नाही, आहे तिथं उभं राहायचं.

खानापूर_पॅसेंजर

बूट विसरलात. बाहेरचे ओले बूट घालून आत आलात की शहाबादी फरशी साबणासारखी होते, मी स्वतः गेल्या वर्षी गोलपासून पार बडीशेपच्या टेबलापर्यंत बसून गेलोय. आतले बूट वेगळे, पिशवीतनं आणायचे, दारातच बदलायचे. छत्र्या-रेनकोट बाहेरच्या खांबाला. टॉवेल प्रत्येकानं एक, फरशी पुसायला, अंग पुसायला नव्हे.

तिसरं_गेट

घेतलं. आता ज्यावर एकमत झालं नाही ते फक्त घंटा. हात वर करा.

घंटेच्या बाजूनं अकरा, विरुद्ध चार. स्टॉकहोमसाहेब, पहिले चार रविवार घंटा वाजवून बघूया, अगदीच बिनसलं तर परत बोलू.

स्टॉकहोम_रिटर्न

ठीक आहे. पण घंटा वाजवणारा खेळाडूंपैकी नको, नाहीतर गोल वाचवायला घंटा वाजेल.

चार_टाके

माझा मुलगा वाजवेल, बारा वर्षांचा आहे, कुणाचं ऐकत नाही.

तिसरं_गेट

बेस्ट. सगळं एकत्र करून उद्या टाईप करून टाकतो, प्रिंट काढून हॉलच्या दारावर, त्या शुभविवाहाच्या बोर्डाच्या खाली चिकटवतो. पहिली मॅच जुलैचा शेवटचा रविवार, सकाळी सात, निळा विरुद्ध राखाडी.

उद्यमबाग_फिटर

आज गोल घेऊन हॉलवर गेलतो, टेम्पोत घालून. एक अडचण झालीय. पुढचं मोठं दार बंद होतं, किल्ली मालकाकडं, मालक गावाला. मागचं भटारखान्याचं दार अडीच फुटाचं. गोल पुढनं मापात आहेत पण मागनं पडू नयेत म्हणून मी तीन फूट खोल केलेत, आणि सगळं वेल्डिंग केलंय. आडवे करून बघितले, उभे करून बघितले, तिरके पण घातले, आचाऱ्यानं पण हात लावला. जात नाहीत.

लेलेवरचा_म्हातारा

चपला ठेवा पूर्वीसारख्या.

तिसरं_गेट

काका गप्प बसा हो. फिटर, काय करायचं?

उद्यमबाग_फिटर

मागचा भाग कापून नट-बोल्टवर घेतो, आत नेऊन जोडायचे, खेळ झाला की सोडायचे. दोन दिवसांचं काम. रविवारी साडेसहालाच या कुणीतरी दोघंजण, आणि १७ नंबरचा पाना घेऊन या, रिंगवाला, माझा एक गेल्या वर्षी त्या स्टेजखालीच गेलाय.